देवीच्या जागी कॅमेरा

चेन्नईत आमच्या घरमालकांची मुलगी टीव्हीवर प्रसिद्ध झाली. तिचं तोंड सगळ्या शहराच्या ओळखीचं झालं, पण मालिकेत ती बोलायची तो आवाज तिचा नव्हता. दुसरीच एक बाई तिच्यासाठी बोलायची. हे मला कळलं तेव्हा मी चार दिवस दुसरं काही बोललेच नाही. मला नसत्या चौकशा फार, हे सासर आणि माहेर दोन्हीकडे एकमतानं मान्य आहे. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की, देवानं मला डोळे, कान आणि नाक दिलं, त्यातलं नाक फक्त खुपसायला वापरते. म्हणू दे. मी चौकशा केल्या नसत्या तर आज सांगते ती गोष्ट घडलीच नसती.

नवऱ्याला ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून तिकडे गेलो. मी शाळेत मराठी शिकवत होते, ती नोकरी सोडावी लागली आणि त्याचा राग मी बरेच दिवस चेन्नईच्या उन्हावर काढला. घरं बघत हिंडत होतो. प्रत्येक दारात तामिळमध्ये काहीतरी विचारायचे, दलाल आमच्या वतीनं काहीतरी उत्तर द्यायचा, आणि दार लागायचं. सैदापेटच्या एका गल्लीत असंच एका दारासमोर उभे होतो. आतून बाईचा आवाज आला, "अवो, कोण आलें बघा की. मज चुलीवर काम आहे."

मी दलालाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. सूर सगळा तामिळ, पण शब्द आपले. आणि तेही आपल्याकडे पोथीत उरलेले. त्या घरच्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले आणि तिकडचेच झाले. आजोबा कारकुनीसाठी मद्रासला आले. घरात मराठी, बाहेर तामिळ, ऑफिसात इंग्रजी. चांगल्याला 'चोखट' म्हणायचे, 'ठाऊक'ला 'ठावं', आणि हो म्हणायचं असलं की 'सेरी'. दह्यात उडदाचं पीठ कालवलेली डांगराची पच्चडी खाऊ घालून मालकीणबाईंनी मला विचारलं, "चोखट आहे की नाहीं?" मी तिथल्या तिथे घर पसंत केलं. नवऱ्यानं न्हाणीघर बघायचंय म्हटलं, तर मीच म्हटलं, असेल की.

माडीवर आम्ही, खाली ते तिघं. मालक निवृत्त होईपर्यंत गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात प्रेसवर सुपरवायझर होते. पत्रा कापणाऱ्या त्या यंत्रांनी त्यांचे कान खाऊन टाकले होते. अगदी ठार बहिरे नव्हते, दाराची कडी जोरात आपटली की वळून बघायचे. पण बोलणं म्हणून काही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. ते माणसाच्या ओठांकडे बघायचे. पहिल्या दिवशी माझ्या तोंडाकडे हा माणूस टक लावून काय बघतोय म्हणून मी पदर सावरला. मग ते म्हणाले, "टीचरम्मा, तुमचं मराठी दिसत नाहीं. निम्मा शब्द गिळताय." साताऱ्याच्या शाळेत पोरांना उच्चार शिकवणाऱ्या मला हे कुणी सांगावं. मी फणकारले, पण त्यानंतर त्यांच्याशी बोलताना तोंड उघडून बोलू लागले.

त्यांची मुलगी त्यांचे कान होती. तेव्हा ती एका विम्याच्या ऑफिसात होती, वयानं विशी ओलांडलेली, दिसायला बरी, पण 'ही नटी होणार' असं वाटावं इतकी नव्हे. पण तिचं बोलणं बघण्यासारखं होतं. दारात भाजीवाली काही म्हणाली की ती बापाकडे तोंड करून तेच वाक्य परत म्हणायची, सावकाश, ओठ पुरते उघडून. आणि नुसतं वाक्य नाही. भाजीवाली चिडली असेल तर ही चिडून म्हणायची, ती हसली असेल तर हसून. बापाला नुसता शब्द देऊन काय उपयोग, सूर कुठून कळणार? म्हणून सूर ती चेहऱ्यावर आणायची. लहानपणापासून हेच करत आलेली. शाळेतून आली की बाई काय म्हणाल्या ते, देवळात पुजारी काय म्हणाला ते, पाहुणे काय म्हणाले ते, सगळं एकदा ऐकायचं आणि लगेच त्या माणसाचं तोंड करून परत म्हणायचं. पुष्कळदा आवाजसुद्धा करायची नाही. मी जिन्यात उभी राहून बघायची. दोघं समोरासमोर बसलेली, ती बिनआवाजाची बडबडतेय आणि ते खो खो हसतायत. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय हांसताय, मजही सांगा की."

रविवारी संध्याकाळी ती तिथल्या केबलवर गाण्यांचा कार्यक्रम करायची. तेव्हा असे कार्यक्रम गल्लोगल्ली होते. लोक फोन करायचे, ही आधी "तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा" म्हणायची, मग कुठून बोलता, जेवलात का, कुणासाठी गाणं लावू असं विचारून गाणं लावायची. तिथे आवाज तिचा स्वतःचा होता, आणि गोड होता. रिक्षावाले तिला आवाजावरून ओळखायचे. बाप टीव्हीसमोर बसून सगळा कार्यक्रम ओठांवरून वाचायचे आणि ती घरी आली की चुका काढायचे. "आज तिघांस जेवलांत कां विचारलें नाहीं."

त्यांचा आणखी एक छंद होता. मालिकांमधल्या नट्यांना पकडायचा. एकदा मी खाली बसले होते, पडद्यावर एक नायिका डोळ्यांत पाणी आणून काहीतरी भयंकर बोलत होती. आवाज तामिळ, हुंदक्यासकट. हे म्हणाले, "टीचरम्मा, ती कांहीं बोलत नाहीं. आकडे मोजतेय. हिंदींत. एक, दोन, तीन, चार." मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मुलीनं सांगितलं, खरं आहे. नट्या बाहेरून आणलेल्या असतात, तामिळ येत नाही, आवाज मागाहून भरतात. काही जणी म्हणून नुसते आकडे म्हणतात. बाकी जगाला फसवता येतं, अप्पांना नाही. त्या रात्री मी नवऱ्याला प्रत्येक नटीचे ओठ बघायला लावले. तो म्हणाला, "मला आकडे ओरगडमला पुरेसे असतात."

मालिकावाल्यांनी तिला त्या केबलच्या कार्यक्रमातच बघितलं. धाकट्या सुनेचं काम होतं, घरात काड्या लावणारी. नेमकं त्याच सुमारास तिचं लग्न ठरलं होतं. कुंभकोणमचे नात्यातलेच लोक, मुलगा बँकेत. तांबूल झालं होतं, म्हणजे पानसुपारीची ताटं इकडून तिकडे गेली होती आणि बापानं शब्द दिला होता. मुलाकडून निरोप आला, टीव्ही आजच बंद. मुलगी म्हणाली, नाही. आई रडली, काका येऊन बोलून गेले, ती म्हणाली, नाही. लग्न मोडलं.

बाप तिला काही टाकून बोलले नाहीत. "मी शब्द दिलेला," एवढंच एकदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन समोर आली, बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांनी मान वळवली.

हे किती भयंकर होतं ते मला कळायलाच काही दिवस लागले. आपण कुणाशी अबोला धरला तरी त्याचा आवाज आपल्या कानावर पडतो. रागावलेल्या बापाला मुलीचं खोकणं, गुणगुणणं, फोनवरचं हसणं ऐकू येतं, आणि त्यानं हळूहळू माणूस विरघळतो. या माणसानं नुसती मान वळवली की मुलगी पुसली जायची. ती समोर जाऊन उभी राहिली की ते भिंतीकडे बघायचे, भिंतीकडे गेली की खिडकीकडे. तिनं एकदा चार ओळी लिहून कपाखाली ठेवल्या. त्यांनी कप उचलला, कागद तिथेच राहिला. ते तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. आणि त्या घरात बघणं म्हणजेच ऐकणं होतं.

आता आई मध्ये पडून निरोप देऊ लागली, पण तिच्या तोंडात सदा पान. तिचं त्यांना काही वाचता यायचं नाही. "पान थुंकून बोल," म्हणायचे, ती चिडायची, आणि निरोप तसाच राहायचा. ते घर पूर्वी बिनआवाजाचं हसायचं, ते आता खरंच गप्प झालं. मला फार वाईट वाटायचं. दिवाळी आली नि गेली, पोंगल गेलं, मान वळलेलीच.

इकडे तिचं काम मात्र जोरात चाललं. मी एकदा तिच्याबरोबर शूटिंगला गेले, म्हणजे मीच मागे लागून गेले. चेन्नईजवळच्याच कोवलमच्या अलीकडे समुद्राजवळ एक बंगला होता, मालिकेतलं श्रीमंत घर ते. आत गेल्यावर माझा पहिला प्रश्न, हे लोक एवढाले संवाद पाठ कधी करतात? कुणीच करत नव्हतं. कॅमेऱ्याशेजारी चष्मा लावलेला एक असिस्टंट डायरेक्टर कागद घेऊन उभा होता. तो एकेक वाक्य मोठ्यांदा, अगदी कोरडं, गिरणीत दळण सांगावं तसं म्हणायचा. लगेच नट तेच वाक्य अभिनयासकट म्हणायचा. परत त्याचं वाक्य, परत नटाचं. बाहेर कावळे, जनरेटर, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव; कुणाला त्याचं काही नव्हतं, कारण तिथला आवाज ठेवायचाच नव्हता. मोठमोठ्या नट्या त्या माणसाच्या मागे अडखळत होत्या. वाक्य ऐकायच्या, मग आठवायच्या, मग चेहरा करायच्या. आमची पोरगी उभी राहिली आणि त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच तिनं ते परत म्हटलं, ओठ पुरते उघडून, सगळा सूर चेहऱ्यावर. पहिल्याच खेपेला. डायरेक्टर कुणाला तरी म्हणाला, ही कुठं शिकली? मला सांगावंसं वाटत होतं, सैदापेटला, ओसरीवर. पण मला तेवढं तामिळ येत नव्हतं.

तिचा आवाज का नको, हेही मी तिथेच विचारून घेतलं. काड्या लावणाऱ्या सुनेला जाड, मुरलेला आवाज पाहिजे, असं त्यांचं ठरलेलं. ते काम करणारी बाई चाळिशीच्या पुढची होती, स्कूटरवरून यायची, दोन मुलांची आई, अत्यंत सात्त्विक. साऱ्या शहराची सासू-सून भांडणं तिनं एकटीनं केलेली.

"तुला वाईट नाही वाटत?" मी पोरीला विचारलं.

"तोंड तर माझें आहे, अक्का," ती म्हणाली. "घरीं तेंही कुणी बघत नाहीं."

आणि मग ती प्रसिद्ध झाली. आधी गल्लीत, मग बाजारात, मग कुठेही. प्रसिद्धी म्हणजे हार-तुरे असं मला वाटायचं. हिची प्रसिद्धी शिव्यांनी आली. देवळात एका आजीनं तिचा दंड धरून विचारलं, "थोरल्या जावेच्या दुधात काय घातलंस गं?" मासळीवाली तिला टोपलीतलं चांगलं देईना. ती हसायची आणि घरी येऊन मला सगळं करून दाखवायची, आजीचं तोंड, मासळीवालीचं तोंड. हे करताना तिची नजर मधूनच खालच्या ओसरीकडे जायची. हे सगळं ज्यांना करून दाखवायचं ते तिथे पाठमोरे बसलेले असायचे. विम्याची नोकरी सुटली, गाडी न्यायला येऊ लागली, बसवर तिचा चेहरा लागला. बापाला दुधाच्या केंद्रावर लोक अभिनंदन करायचे तर ते त्यांच्याही तोंडाकडे बघायचं बंद करायचे. रात्री मालिकेची वेळ झाली की ते चपला घालून फिरायला जायचे. मी आणि आई मालिका बघायचो. आई पान चघळत म्हणायची, "चोखट करतेय गा पोरगी," आणि डोळे पुसायची.

एका दुपारी मी बाजारात गेले होते. कोपऱ्यावर टीव्ही विकायचं दुकान होतं. काचेआड सहा-सात टीव्ही मांडलेले, सगळे चालू, आणि काचेमुळे आवाज एकाचाही बाहेर येत नसे. दुपारी रात्रीच्या मालिकांचं पुनःप्रक्षेपण असायचं. बसची वाट बघणारी माणसं तिथं उभी राहायची. त्या घोळक्यात, छत्री मिटून काखेत धरलेले, आमचे घरमालक होते. सगळ्या टीव्हींवर त्यांची मुलगी होती. बाकीचे लोक काय चाललंय म्हणून एकमेकांना विचारत होते. यांना विचारायची गरज नव्हती. ते वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते.

मी भाजी न घेताच परतले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वेळी गेले, होतेच. तिसऱ्या दिवशीही होते. हा योगायोग नव्हे एवढं कळण्याइतकी मी शिकलेली आहे. आता प्रश्न होता, सांगावं की नाही. नवरा म्हणाला, त्यांच्या घरातलं त्यांना बघू दे. मी संध्याकाळीच तिला गाठून सांगितलं.

ती केसातली फुलं काढत होती. हात तसाच थांबला. "अप्पा? मज बघताय?"

"रोज. दुपारी. ऊन डोक्यावर घेऊन."

तिनं काढलेली फुलं खाली ठेवली. मग म्हणाली, "ओठ वाचताय कां?" मी म्हटलं, वाचतायत, आणि बरोबर म्हणतायतसुद्धा. ती उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. पण ती विचार करायला गेली होती.

पुढच्या आठवड्यात मालिकेत त्या धाकट्या सुनेला उपरती व्हायची होती. अशा वेळी तिकडे बाई देवीसमोर उभी राहते, हात जोडते आणि मनातलं सगळं बोलते. हे प्रसंग घेण्याची रीत ठरलेली होती. देवीच्या जागी कॅमेरा ठेवतात, बाई सरळ त्याच्याकडे बघून बोलते, म्हणजे देवीला जशी दिसेल तशी ती घरोघर दिसते. देवी मागाहून वेगळी घेऊन मध्ये जोडतात. तिनं डायरेक्टरला विचारलं, आमच्या घरी देवाशी मराठीत बोलतात, मी माझ्या भाषेत बोलू का, रडणं खरं येईल. तो म्हणाला, आवाज तर भरायचाच आहे, चिनी भाषेत बोल, डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. चष्मेवाल्या असिस्टंटनं पहिल्यांदाच कागद खाली ठेवला.

हे सगळं तिनं मला सांगितलं. पण ती नेमकं काय बोलली, ते काही केल्या सांगेना. मी पच्चडी करून घातली, लाडीगोडी लावली, रुसूनही बघितलं. "तें देवीस सांगितलें, अक्का," म्हणायची आणि हसायची. माझं जेवण गोड लागेना. स्कूटरवाल्या बाईनं आवाज भरताना नुसता अंदाजासाठी टिपलेला मूळ आवाज ऐकला होता, पण तिला मराठी येत नव्हतं. मात्र तिला एक शब्द दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे कळला होता. तिनं हिला फोन करून विचारलं, "देवीला 'अप्पा' का म्हणालीस?" हिनं खरं सांगितलं. त्या बाईनं मग तामिळ संवाद त्या ओठांवर बसेल असा फिरवून फिरवून म्हटला, फार मेहनत घेतली, आणि कुणाला बोलली नाही. हिला भीती होती ती वेगळीच. संकलन करणारा मध्ये काय कापेल याचा नेम नव्हता. आणि कापलं नाही तरी, अप्पा ते बघता बघता मान वळवतील, ही दुसरी भीती. दुकानासमोर तर तिला त्यांच्यासमोर येऊन उभंही राहता येणार नव्हतं. मग दुसरा कुठलाच उपाय उरणार नव्हता.

तो प्रसंग दाखवायचा होता त्या रात्री मालिका लागली तेव्हा अप्पा रोजच्यासारखे फिरायला गेले. मी आणि आई बघत बसलो. मी डोळे फाडफाडून ओठ बघितले, पण स्कूटरवाल्या बाईचा आवाज इतका छान होता की मला दुसरं काही दिसेना. आईही तामिळच ऐकून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या आधी दुकानासमोर जाऊन, खांबाआड उभी राहिले. ते आले, छत्री मिटली. प्रसंग सुरू झाला. सगळ्या टीव्हींवर ती हात जोडून समोर बघू लागली. आज आवाज नव्हता, म्हणून मलाही ओठ दिसले. 'अप्पा' एवढं मला वाचता आलं. त्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडलेली. ते रोजच्यासारखं तामिळ धरून वाचत होते आणि काही जुळत नव्हतं. मग ते एकदम पुढे सरकले. पुढे उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी हातानं बाजूला केलं आणि काचेला नाक लागेल इतके जवळ गेले. त्यांना कळलं होतं. आणि त्याच वेळी त्या मेल्या संकलकानं मध्ये समई दाखवली. मग परत ती, मग घंटा. मग ती, मग देवीचे पाय. मला त्या देवीचा इतका राग कधी आला नव्हता. बहिऱ्या माणसांना आपण किती मोठ्यांदा बोलतो ते कळत नाही. ते तामिळमध्ये ओरडले, "दिवा काढा!" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, म्हातारा भक्त आहे. तेवढ्यात जाहिरात लागली. ते तसेच उभे राहिले. मग छत्री न उघडताच उन्हातून निघून गेले, घराच्या उलट दिशेला.

संध्याकाळी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच परत निवडत होते. ते घरी परतून ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते. गाडी आली, ती उतरली, तोंडावर अजून रंग तसाच. तिनं चपला काढल्या आणि रोजच्या सवयीनं त्यांच्या बाजूनं, भिंतीकडून आत जायला निघाली.

"निम्मं कळलें नाहीं," ते म्हणाले.

ती थांबली. आई आतून दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली.

"मध्यें मध्यें दिवा दाखवितात. घंटा दाखवितात." आवाज रागाचा होता, पण तोंड तिच्याकडे होतं. "परत बोल."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं आवाज काढूनच बोलायला सुरुवात केली, सावकाश, ओठ पुरते उघडून. म्हणून मलाही ऐकू आलं.

"अप्पा, दुकानासमोर उभे राहून बघताय तें मज ठावं आहे. ऊन आहे. घरीं बघा. तुमचा शब्द मी मोडला, चुकलें. पण मी कुंभकोणमास गेलें असतें तर तुमच्या समोर बसून असें कोण बोललें असतें? लोक हांसतात तें बघून तुमीही हांसला असतां, आणि कळलें कांहींच नसतें. तें माझ्यानें बघवलें नसतें. हें तुमास सांगायास आलें तर मान वळवितां. म्हणून देवीस सांगतें."

बोलता बोलता तिचे ओठ कापायला लागले. "सरळ धर," ते म्हणाले, "दिसत नाहीं." तिनं तोंड पुसलं, शेवटचं वाक्य परत म्हटलं. तिचं बोलून संपलं तरी ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणखी काही येईल म्हणून. मला तिथून उठायला हवं होतं, पण मी उठले नाही. त्यांनी मान वळवली नाही.